माळवदावरची पांढरी माती

मृगाच्या आधी माळवद शाकारायचं, ही आपल्या इंदापूर-बारामती भागातली जुनी रीत. शाकारायचं म्हणजे काय, तर पांढरीच्या चार पाट्या आणून पसरायच्या, चोपायच्या आणि पन्हाळ मोकळी करायची. पांढरीच का? काळी माती उन्हात भेगाळते आणि पहिल्याच पावसात छत गळतं. पांढरी तशी भेगाळत नाही. जुन्या वस्तीच्या जागी पडक्या भिंतींची माती अन् चुलीची राख पिढ्यान् पिढ्या मिसळून ती तयार झाली. म्हणूनच शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणायची पद्धत पडली. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची मातीची घरं सापडली. इतकी ही विद्या जुनी आहे.

या रीतीत एक खोट मात्र राहिली. दरसाल नवा थर चढायचा, जुना कोणी उतरवायचं नाही. आज्याने टाकली, बापाने टाकली, आपणही टाकली. हिशेब करून पाहा. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे सुमारे साडेचार टन ओझं, आणि तेही कोरडी असताना! पावसात भिजली की आणखी वाढतं.

हे ओझं काय करतं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दिसलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती फुटल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. त्या भिंतींच्या आतल्या-बाहेरच्या दोन थरांना जोडणारे आरपार दगडच बहुतेक ठिकाणी नव्हते. पुढे शासनाने उभ्या घरांच्या मजबुतीचं जे काम केलं, त्यात माळवदाची माती कमी करणं आणि भिंतीत आरपार सांधे घालणं यांवर भर होता.

तेव्हा यंदा माळवदावर चढाल तर आधी किलचणीपर्यंत खड्डा घेऊन थर मोजा. आठ इंचांवर असेल तर जास्तीचा उतरवा. एका कोपऱ्यातून सगळा उपसू नका, चारी बाजूंनी सारखा काढा. त्याआधी तुळईला खालून पहारीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वाळवी लागलीय, मग टेकू दिल्याशिवाय वर पाऊल नको. मधे काळा प्लॅस्टिक कागद घातला की गळती थांबते आणि दरसाल थर वाढवायची गरज राहत नाही. भिंतीला पोट सुटलं असेल तर मात्र गवंड्यालाच दाखवा. ते घरगुती काम नव्हे.

भिंतीचा लोणा हे दुसरं दुखणं. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, १९३३-३४ च्या सुमारास कळंबच्या शिवारात वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला. ऊस आला, तशी पाणथळ रानंही आली. ओल क्षार घेऊन भिंतीत चढते. १९८२ पासून सिमेंटवरचं नियंत्रण सैल झालं आणि जो तो मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू लागला. ओल आत कोंडली, गिलाव्याचे पापुद्रे निघाले. अशी भिंत धुऊ नका, कोरड्या ब्रशाने झाडा आणि कळीच्या चुन्याची सफेदी द्या. चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. डोळे सांभाळा.

उतरवलेली पांढरी पूर्वी गाड्या भरून शेतात नेत. आजही न्या, पण चोपण रानात नको.