जंतूंची वंशावळ

इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, शकावल्या आणि मोडी दप्तरांचे रुमाल उभे राहतात. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत, त्याची कागदपत्रे मात्र एका सूक्ष्म जंतूच्या पोटात दडलेली आहेत. तथापि ती वाचण्याची रीत आपल्याला अगदीच परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, ती कशी? एका लेखकाच्या हातून झालेली चूक त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या पोथ्यांतही उतरते. म्हणून समान चुकांच्या पोथ्या एका कुळातील मानावयाच्या. जंतूही प्रत्येक पिढीत आपल्या अनुवंशद्रव्याची नक्कल करतो आणि क्वचित एखादे अक्षर चुकतो.

औषधे आणि जंतू यांचे वैर जुनेच आहे. १९५९ मध्ये मेथिसिलिन हे औषध वापरात आले, आणि १९६१ मध्ये त्याला दाद न देणाऱ्या जंतूंची इंग्लंडात नोंदही झाली! पुढे कार्बापेनेम गटाची औषधे अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवण्यात आली. परंतु क्लेब्सिएला जातीच्या काही जंतूंनी त्यांचाही नाश करणारे द्रव्य पैदा केले.

असाच एक जंतू अंगात असलेली एक रुग्ण स्त्री १३ जून २०११ रोजी न्यूयॉर्कहून अमेरिकेतील बेथेस्डा येथे, राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात आली. जंतूची वार्ता आधीच कळली होती. तिला निराळे ठेवले, जवळ जाणाऱ्यांना झगे व हातमोजे सक्तीचे केले. १५ जुलैला ती घरी गेली आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तीन आठवड्यांनी, ५ ऑगस्टला, दुसऱ्या एका रुग्णात तोच जंतू सापडला. मग तिसऱ्यात, चौथ्यात. वर्ष सरेपर्यंत अठरा रुग्णांना त्याने गाठले. त्यांपैकी अकरा दगावले; सहांच्या मृत्यूचे कारण हा जंतूच, असे ठरले.

आता प्रश्न असा, की हा जंतू त्या स्त्रीचाच, की बाहेरून नव्याने आलेला? या कुळाचे जंतू अमेरिकेत इतके फैलावले होते, की जुन्या परीक्षांत ते सारे एकसारखेच दिसत. तेव्हा ज्यूली सेग्रे, एव्हन स्निटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक रुग्णाच्या जंतूचे सुमारे साठ लाख अक्षरांचे संपूर्ण अनुवंशद्रव्य वाचून काढले. एवढ्या अफाट ग्रंथात फरक निघाले ते मोजक्या अक्षरांचे. पण वंशावळ मांडावयास तेवढे पुरले. साथ त्या एकाच स्त्रीपासून निघाली होती, आणि तीही एकदा नव्हे, तीन निरनिराळ्या वेळी. म्हणजे जो पहारा कडक वाटत होता, त्यातून जंतू तीनदा निसटला होता.

मधले तीन आठवडे तो होता कोठे? आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. हा जंतू माणसाच्या आतड्यात मुकाट्याने राहू शकतो. ताप नाही, खूण नाही. आजारी पडण्याचा क्रम आणि लागण होण्याचा क्रम यांचा मेळ बसलाच पाहिजे असे नाही. केवळ रुग्णांच्या तारखांवर भिस्त ठेवणारा इतिहासकार येथे चकलाच असता. वंशावळीत अनपेक्षित वाटा दिसल्या, तेव्हा कोण कोणत्या कक्षात केव्हा होता याची टिपणे पुन्हा चाळावी लागली. स्वच्छ केलेल्या एका श्वसनयंत्रातही जंतू मिळाला, हात धुण्याच्या मोऱ्यांतही मिळाला.

मग रुग्णालयाने भिंत घालून नवा कक्ष उभारला, मोऱ्यांचे नळ उखडले, आणि हात धुतले जातात की नाही हे पाहण्यास माणसे नेमली. सर्व रुग्णांची तपासणी सुरू झाली. मुके वाहक सापडू लागले. साथ ओसरली. ऑगस्ट २०१२ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात त्याच रुग्णालयात, त्याच जंतूने, आणखी एक रुग्ण दगावला. लागण झालेल्यांत तो एकोणिसावा होता.