टोपी, खंजीर आणि चेहरा

साहित्याच्या अभ्यासकांना ब्रूटस भेटतो तो बहुधा शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधून : तत्त्वासाठी मित्राच्या वधात सहभागी होणारा, स्वतःशीच झगडणारा. आम्हांला मात्र त्याने स्वतः पाडून घेतलेले एक चांदीचे नाणे अधिक बोलके वाटते.

हा देनारियस जेमतेम चार ग्रॅम वजनाचा. इ.स.पू. ४३-४२ मध्ये ब्रूटसच्या सैन्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत तो पाडला गेला. मागील बाजूस दोन खंजीर, त्यांच्या मध्ये एक टोपी आणि खाली 'एइद मार' ही अक्षरे. म्हणजे सीझरच्या वधाचा दिवस, १५ मार्च इ.स.पू. ४४. ही टोपी दास्यमुक्त झालेल्या गुलामाची. सीझरच्या सत्तेखाली सारे रोमन गुलाम झाले होते आणि या खंजिरांनी त्यांना मुक्त केले, एवढा मोठा दावा इतक्या थोड्या खुणांत मांडलेला आहे. खंजीर दोन, कारण ब्रूटसबरोबर कॅशियसही होता. दोन-अडीच शतकांनंतर दियो कासिअस या इतिहासकाराने या नाण्याचा हाच अर्थ नोंदवला आहे.

पण नाणे उलटले की दर्शनी बाजूस ब्रूटसचाच चेहरा दिसतो!

त्याआधी रोमच्या चांदीच्या नाण्यांवर देवदेवता असत, फार तर दिवंगत पूर्वज. रोमच्या टांकसाळीतून जिवंत रोमन माणसाची मुद्रा प्रथम निघाली ती सीझरची, इ.स.पू. ४४ मध्ये, आणि त्यात अनेकांना राजेपणाचा वास आला. ब्रूटसला हे कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. इ.स.पू. ५४ च्या सुमारास, टांकसाळीचा अधिकारी असताना, त्याने एका देनारियसवर स्वातंत्र्यदेवता लिबेर्तास आणली होती आणि तिच्या मागील बाजूस, परंपरेनुसार राजांना हाकलून देणारा आपला पूर्वज ल्यूशियस ज्यूनियस ब्रूटस. म्हणजे नाण्याची भाषा तो तरुणपणीच उत्तम लिहीत होता.

सैनिकांना पगार कोण देतो हे दिसायला हवे, म्हणून चेहरा आला, असे स्पष्टीकरण देता येते. ते आम्हांला चुकीचे वाटत नाही, अपुरे वाटते. पगार देणाऱ्याचे नाव पुरले असते; पूर्वीही तसे चालत होते.

इ.स.पू. ४२ मध्ये फिलिप्पीच्या रणांगणावर ब्रूटस हरला आणि त्याने आत्महत्या केली. समोर अँटनी आणि ऑक्टेवियन होते. त्यांच्याही नाण्यांवर त्यांचे चेहरे होते. एवढ्या एका गोष्टीत दोन्ही पक्षांचे एकमत होते.