निकेलचा हट्ट की भट्टीचा दोष?

मंडळी, सुरुवात एका वादानं करू. १९३४ साल, कोपनहेगन. एडवर्ड टेलर हे लेव्ह लांडाऊंना सरळ रेषेतल्या एका रेणूबद्दल सांगत होते. लांडाऊंनी हरकत घेतली. इलेक्ट्रॉनला सारख्याच ऊर्जेच्या दोन जागा असतील, तर रेणूचा सममित आकार टिकणारच नाही! टेलरांनी त्यांना पटवलं, की या रेणूत तसं होत नाही. पुढे टेलर आणि हर्मन यान यांनी सगळ्या सममिती तपासल्या. निघालं काय? सरळ रेषेतला रेणू हाच एक अपवाद. बाकी सगळीकडे लांडाऊच बरोबर. १९३७चा यान-टेलर सिद्धांत तो हाच.

आता स्फटिकाकडे येऊ. सोडियम निकेल ऑक्साइडमध्ये निकेलचे थर असतात आणि थरातले अणू त्रिकोणी जाळीत बसलेले. प्रत्येक निकेलपाशी एक इलेक्ट्रॉन, त्याला समान ऊर्जेचे दोन कक्षक. सुमारे ४८० केल्विनखाली सगळे ऑक्सिजनचे पिंजरे एकाच दिशेनं ताणले जातात, आणि २० केल्विनच्या आसपास चुंबकीय शिस्तही येते. सिद्धांत पास!

मग सोडियमच्या जागी लिथियम घाला. अशी एकजुटीची ताण नाही, चुंबकीय शिस्तही नाही. का? शेजाऱ्यांना परस्परविरुद्ध दिशा हव्या असतील, तर त्रिकोणात दोघांचं जमतं आणि तिसऱ्याची पंचाईत होते. फिलिप अँडरसन यांनी १९७३मध्ये अशाच जाळीवर कधीही न गोठणारी चुंबकीय अवस्था सुचवली होती. १९८५मध्ये जपानी संशोधकांना ती या लिथियमच्या संयुगात दिसल्यासारखी वाटली.

पण गंमत बघा. सोडियमच्या भावंडात एका थरातले शेजारी एकाच दिशेचे निघाले. विरोध आहे तो थराथरांत. म्हणजे त्रिकोणाची कोंडी हे उत्तर तेवढं सरळ नाही. शिवाय भट्टीत लिथियम थोडं उडून जातं आणि जवळपास तेवढ्याच आकाराचा निकेल त्याच्या जागी घुसतो. सोडियम मोठा, त्याची जागा निकेलला जमत नाही. घुसलेले हे निकेल थरांना भलत्याच पद्धतीनं जोडतात. आणि १९९५मध्ये क्ष-किरणांनी जवळून पाहिलं, तेव्हा पिंजरे ताणलेलेच होते, फक्त एका दिशेनं नव्हे.

म्हणून नव्या अवस्थेचा जयघोष करण्याआधी विचारायचं, हा निसर्गाचा हट्ट आहे, की आपल्या नमुन्याचा? हा वाद अजून मिटलेला नाही. टेलर-लांडाऊंच्या वादातही जिंकणारा शेवटी अपवादावरच उभा होता, हे विसरू नका.