वडिलांची बंद पडलेली चेतक पुन्हा सुरू होऊ शकते? जुनं टू-स्ट्रोक इंजिन दुरुस्त करण्याचा छंद काय असतो?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेवटच्या खांबाजवळ, फाटक्या ताडपत्रीखाली एखादी स्कूटर उभी असते. दोन्ही टायर बसलेले, सीटवर मांजर झोपलेलं. पंधरा वर्षांत कुणी किक मारलेली नसते, पण भंगारवाल्याला द्यायची म्हटलं की घरात कुणाचं तरी मन होत नाही.

अशा गाड्या घरच्या घरी उघडून, साफ करून पुन्हा सुरू करण्याचा छंद सध्या अनेक तरुणांना लागलाय. इन्स्टाग्रामवर तीस सेकंदांत गंजलेली स्कूटर चकाचक होते आणि पहिल्या किकला सुरूही होते. प्रत्यक्षात या कामाला काही महिने लागतात. अनेकदा इंजिनचं खरं नुकसान ते बंद पडल्यामुळे झालेलं नसतं, ते सुरू करण्याच्या घाईत होतं.

म्हणूनच हे काम कोणत्या क्रमाने करायचं, ते बजाज चेतकच्या उदाहरणावरून समजून घेऊया.

सुरुवातीला चेतकच का?

बजाज ऑटो आधी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याने भारतात व्हेस्पा स्कूटर बनवायची. तो परवाना संपल्यानंतर १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाने चेतक बाजारात आली. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीसाठी लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली. डिसेंबर २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं, ते इलेक्ट्रिक गाडीवर.

छंद म्हणून जुनी चेतक सोयीची, कारण तिचं इंजिन अगदी साधं आहे. एकच सिलिंडर. पिस्टनचा व्यास ५७ मिलिमीटर आणि तो वर-खाली जितका सरकतो ते अंतरही ५७ मिलिमीटर. गुणाकार केला की १४५ सीसी येतात. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, सेन्सर नाही. इंजिनला थंड ठेवायला मॅग्नेटच्या चाकावरचीच पाती हवा मारतात.

आणि ही गाडी मुळात व्हेस्पाच्या घराण्यातली. त्यामुळे जगभरातल्या व्हेस्पावेड्यांनी शिकलेल्या बऱ्याच गोष्टी चेतकलाही लागू पडतात.

टू-स्ट्रोक म्हणजे नेमकं काय?

हे कळलं की पुढची अर्धी दुरुस्ती कळते.

आजच्या बहुतेक दुचाकींमध्ये चार-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटतं. टू-स्ट्रोकमध्ये ते प्रत्येक फेरीला पेटतं. त्यासाठी पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँक असलेल्या बंद जागेत येतं. पिस्टन खाली आला की दाबामुळे तेच मिश्रण सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांमधून वर जातं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, क्रँकच्या जागेत वेगळं ऑइल ठेवता येत नाही, म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. चेतकसाठी हे प्रमाण दोन टक्के, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. दोन, ती जागा हवाबंद राहिली नाही तर इंजिन नीट चालूच शकत नाही.

सगळ्यात आधी काय करायचं नाही?

गाडी बाहेर काढली की पहिला मोह होतो तो किक मारण्याचा. चेतक तिरकी करून किक मारण्याची सवय तर अख्ख्या पिढीला होती. टाकीत पेट्रोल कमी असलं की ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचावं, हा त्यामागचा हेतू. पण वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीवर हा प्रयोग करायचा नाही.

कारण पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असू शकतात. त्यावर पूर्ण वजन टाकून किक मारली तर रिंग खिडकीच्या कडेला अडकून तुटते. तिचा तुकडा सिलिंडरवर ओरखडे काढतो आणि हजार-पाचशेत होणारं काम बोअर-पिस्टनवर जातं.

त्याऐवजी प्लग काढायचा. त्या भोकातून गंज सोडवणारं तेल आत टाकायचं आणि गाडी दोन-तीन दिवस तशीच ठेवायची. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवायचं. सुटलं तर ठीक. नाही सुटलं तर पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. तरीही हललं नाही तर हेड आणि सिलिंडर उघडायचा, जोर वाढवायचा नाही.

इंजिन फिरतंय, पण सुरू होत नाही. मग?

कोणत्याही पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात: दाब, ठिणगी आणि पेट्रोल. त्या याच क्रमाने तपासल्या तर उगाच इंजिन उघडावं लागत नाही.

*दाब:* प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट धरून किक हळूच दाबायची. आतल्या हवेने अंगठा उडवला तर रिंगा बऱ्या स्थितीत आहेत. काहीच जाणवलं नाही तर रिंगा, सिलिंडर किंवा हेडचं गॅस्केट यांच्यापैकी कुठेतरी गळती आहे.

*ठिणगी:* प्लग वायरला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवायचा आणि किक मारायची. प्लगच्या भोकापासून लांब धरायचा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. निळी, जोरकस ठिणगी हवी. ती नसेल तर आधी नवा प्लग लावून बघायचा, त्याची गॅप साधारण ०.६ मिलिमीटर. जुन्या चेतकमध्ये मॅग्नेटखाली पॉइंट आणि कंडेन्सर असतात. बंद गाडीच्या पॉइंटवर बुरशीसारखा थर बसतो. तो साफ करून फिलर गेजने ०.३ ते ०.५ मिलिमीटरची गॅप ठेवली की बऱ्याचदा ठिणगी परत येते. नंतरच्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, त्यात हा भागच नसतो.

*पेट्रोल:* जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, वार्निशसारखा थर ठेवतं. तो पेट्रोल कॉकमध्ये, फ्लोटवर आणि जेटच्या बारीक भोकात बसतो. कार्ब्युरेटर उघडून क्लीनरने धुवायचा आणि जेटमधून हवा मारायची. जेटमध्ये तार घालायची नाही. ते भोक मोजून पाडलेलं असतं, तारेने मोठं झालं की मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडतं.

तिन्ही गोष्टी जागेवर असतील तर बऱ्याच गाड्या इथेच सुरू होतात.

सुरू झाली, पण धूर थांबत नाही

टू-स्ट्रोकचा थोडा निळसर धूर नेहमीचाच. सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं ऑइल जळेपर्यंत तो जास्त असतो. पण अर्ध्या तासानंतरही पांढऱ्या धुराचे लोट येत असतील आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर संशय क्रँकच्या ऑइल सीलवर घ्यायचा.

क्रँकची जागा हवाबंद ठेवण्याचं काम ही रबरी सील करतात. गाडी उभी राहिली की रबर कडक होतं. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापतं. या दुसऱ्या दोषात धूर दिसत नाही. उलट गाडी सुसाट पळते, आणि एखाद्या दिवशी चालता चालता पिस्टन जाम होतो. त्यामुळे जाणकार मेकॅनिक सील बघत बसत नाहीत, सरळ नवी टाकतात. गिअरबॉक्सच्या बाजूच्या सीलसाठी मात्र सहसा अख्खं इंजिन उघडावं लागतं.

इंजिन उघडताना

प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा. नट-स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत, चिठ्ठी लावून. हे कंटाळवाणं वाटतं, पण दोन महिन्यांनी जोडायला बसल्यावर तेवढंच कामाला येतं.

मॅग्नेट काढायला पुलर वापरायचा. हातोडीने ठोकलं तर पाती तुटतात. इंजिनची केस ॲल्युमिनियमची असते, नट जास्त आवळला की आटे जातात. पिस्टनची पिन काढताना क्रँकच्या तोंडावर स्वच्छ फडकं घालायचं, नाहीतर बारीकशी सर्कलिप आत पडते आणि अख्खं इंजिन उघडण्याची वेळ येते. जुनी सर्कलिप परत वापरायची नाही.

सिलिंडरवर नखाला लागतील असे ओरखडे असतील तर घरी पॉलिश पेपर घासून उपयोग नाही. सिलिंडर बोअरिंगच्या दुकानात द्यायचा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घ्यायचा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टच्या दिशेने हवा. रिंगांची टोकं पिस्टनवरच्या बारीक खुंट्यांपाशीच बसायला हवीत.

पार्ट कुठे मिळतात?

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि जवळपास प्रत्येक शहरातला एखादा जुना स्कूटर मेकॅनिक. यातला तिसरा पर्याय सगळ्यात मोलाचा. त्याच्याकडे पार्ट असतात आणि कोणता नवा पार्ट घेण्यापेक्षा जुनाच बरा, हेही तो सांगतो.

आजचं पेट्रोल चालतं का?

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या चेतकचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये गंज लवकर धरतो. म्हणून पेट्रोलचा पाइप, वॉशर आणि गॅस्केट नवे टाकायचे आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवायचं नाही.

कागदपत्रं नसतील तर?

भंगारातून स्वस्तात मिळालेल्या गाडीचं खरं दुखणं बहुतेकदा इथे असतं. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झालंय. कर, विमा, पीयूसी वेगळे.

त्यामुळे पैसे देण्याआधी आरसी बघायची आणि त्यावरचे चेसिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवायचे. आरसीच नसलेली गाडी चोरीची निघू शकते. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं तर आरटीओत नोंद करावी लागते.

१९७२ च्या पहिल्या चेतक आता पन्नाशी ओलांडून गेल्यात, त्यामुळे त्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीचा मार्ग आहे. त्याचं शुल्क २०,००० रुपये, गाडी मूळ रूपात हवी आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

टू-स्ट्रोक मागे का पडलं, हेही लक्षात ठेवायला हवं. त्यात न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल थेट सायलेन्सरमधून बाहेर जातं. रोज ऑफिसला जायला ही गाडी योग्य नाही. रविवारची फेरी, एवढाच तिचा वापर ठीक.

सुरू झाल्यानंतर

इंजिन कधीही बंद खोलीत चालवायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. नवा पिस्टन टाकला असेल तर पहिले ५०० किलोमीटर हळू चालवायची आणि अधूनमधून प्लग काढून बघायचा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. पांढरा पडला तर इंजिन तापतंय, काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय.

आणि गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर चावी फिरवून बंद करायची नाही. पेट्रोल कॉक बंद करायचा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत वाट बघायची. ताडपत्रीखालच्या त्या स्कूटरबाबत शेवटच्या दिवशी कुणी एवढं केलं असतं, तर निम्मं काम वाचलं असतं.