रेषा पुढे ओढली की गाव कळतं का?

विकास आराखडा आला की आम्हा मावळच्या पत्रकारांच्या हातात एक तक्ता पडतो. अमुक सालापर्यंत इतकी लोकसंख्या, इतकं पाणी, इतके रोजगार. आम्ही तो जसाच्या तसा छापतो. मीही छापलाय. हा आकडा आला कुठून, हे विचारायचं राहूनच गेलं.

रीत सोपी असते. मागच्या तीन-चार जनगणना घ्यायच्या, दर दशकाची सरासरी वाढ काढायची आणि रेषा पुढे ओढायची. उद्याचा दिवस कालच्यासारखाच असेल, हे त्यात गृहीतच.

पुण्यात याहून कष्टाचं काम झालंय. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६-३७ मध्ये पुण्याची पाहणी केली. नमुन्यादाखल कुटुंबं निवडून कोण काय काम करतं, किती कमावतं, हे विचारलं. महत्त्वाचं पुढे आहे. १९५३-५४ मध्ये संस्था पुन्हा लोकांकडे गेली. सोवनी, आपटे, पेंडसे यांचा तो अहवाल १९५६ चा. मधल्या काळात महायुद्ध, स्वातंत्र्य, फाळणी होऊन गेली. १९३७ ची रेषा कितीही नीट ओढली असती, तरी यातलं काय दिसलं असतं?

आता आपल्याकडे बघा. तळेगावात २००८ ला जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबलं. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. पंधरा वर्षांत तीन वळणं! भाड्याच्या भरवशावर कर्ज काढून खोल्या बांधणाऱ्याने कुठली रेषा धरायची?

लोणावळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५७,६९८. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर उभं राहा आणि हा आकडा आठवा. पाणी पिणारे, कचरा करणारे, धंदा देणारे हे पाहुणे त्यात कुठेच नाहीत. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे हिशेब अजून त्याच जुन्या पायावर.

संख्याशास्त्राला माझा विरोध नाही. गाडगीळांनीही आकडेच मोजले. पण ते लोकांना विचारून मोजले, आणि संस्थेने काही वर्षांनी परत जाऊन विचारलं.

पुढच्या वेळी तक्ता हातात आला, की मी आधी एकच विचारणार आहे : शेवटचं कुणाच्या दारात जाऊन विचारलंत, आणि कधी? तुमच्या गावच्या आराखड्याला तुम्हीही विचारून बघा.