साठी, बुद्धी आणि एक उपचारसाध्य विकार



मी आयुष्यभर मराठी शिकविले. वैद्यकाशी माझा संबंध रुग्णाचा नातेवाईक एवढाच. तरीही ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी याच शाळेत फळ्यावर लिहिलेले एक समीकरण मला पन्नास वर्षांनी घरच्या दुखण्यात पुन्हा भेटले, म्हणून हा विषय निवडला.

२०१४ च्या सुमारास माझे वडीलबंधू टिळकवाडीच्या रस्त्याने पाय घासत चालू लागले. पावले जणू जमिनीला चिकटत. वळताना पाच-सहा वेळा पाय हलवावे लागत. पुढे लघवीवरील ताबा सुटला आणि विचारांत मंदपणा आला. आम्ही घरच्यांनी एका म्हणीत निदान उरकले : साठी बुद्धी नाठी. म्हणींचा अभ्यासक म्हणविणारा मी त्यात सर्वांत पुढे होतो. त्या म्हणीपायी आमची तीन वर्षे गेली.

वस्तुतः या तीन लक्षणांच्या समुच्चयाची ओळख वैद्यकाला १९६५ पासून होती. तिचे श्रेय कोलंबियातील मेंदूशल्यविशारद सालोमोन हाकिम यांचे. १९५७ साली बोगोटा येथील सान हुआन दे दिओस रुग्णालयात वाहन-अपघातात जखमी झालेला एक सोळा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे होता. त्याच्या मेंदूतील पोकळ्या फुगलेल्या होत्या, पण त्यांतील द्रवाचा दाब नेहमीइतकाच होता. चाचणीसाठी थोडा द्रव काढला आणि अर्धवट शुद्धीतला तो मुलगा दुसऱ्या दिवशी बोलू लागला. दाब वाढलेला नसताना द्रव काढल्याने गुण का यावा? या कोड्याचा हाकिम यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९६४ मध्ये त्यांनी या विषयावर प्रबंध लिहिला आणि १९६५ मध्ये बोस्टनच्या रेमंड अ‍ॅडम्स प्रभृतींसह तो विकार जगापुढे मांडला. 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस' हे त्याचे रूढ नाव. मराठीत आपण 'समदाब जलशीर्ष' म्हणू.

हाकिम यांचे उत्तर पास्कलच्या नियमावर आधारलेले होते : बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. पोकळी एकदा फुगली की तिच्या भिंतींचे क्षेत्रफळ वाढते. मग दाब पूर्ववत झाला तरी मेंदूवरचे एकूण बल अधिकच राहते. गुरुजींचे समीकरण ते हेच. पुढील संशोधनाला एवढे स्पष्टीकरण पुरेसे वाटले नाही. द्रवाचा प्रवाह व शोषण, रक्तवाहिन्यांचे ताठरणे यांचाही विचार आता होतो आणि पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही.

निदानाचा इतिहासही असाच सावध होत गेला. आरंभी पाठीच्या कण्यातून हवा सोडून क्ष-किरण चित्र घेत. रुग्णाला ते फार क्लेशदायक होई. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले, नंतर एमआरआय आले, आणि पोकळ्या सहज दिसू लागल्या. पण मेंदू आक्रसल्यानेही पोकळ्या मोठ्या दिसतात. केवळ चित्रावरून निर्णय होत नाही. म्हणून कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढून, त्याआधी व नंतर रुग्णाला चालवून पाहतात. चाल सुधारली तर शस्त्रक्रियेची आशा धरता येते. मात्र सुधारली नाही म्हणून आशा पूर्णपणे संपत नाही.

उपचार म्हणजे शंट : जादा द्रव पोटात वाहून नेणारी, झडप असलेली बारीक नळी. अशा झडपेचा इतिहास हृद्य आहे. अमेरिकेतील तंत्रज्ञ जॉन होल्टर यांनी १९५६ मध्ये, स्वतःचा मुलगा जलशीर्षाने आजारी असताना ती घडविली. हाकिम यांनीही पुढे स्वतःची झडप तयार केली. मात्र आरंभीच्या उत्साहात स्मृतिभ्रंशाच्या इतर रुग्णांवरही शंट बसविले गेले. गुण आला नाही, रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचे दुष्परिणाम तेवढे पदरी पडले. त्यामुळे कित्येक वर्षे या उपचाराकडे साशंकतेने पाहिले गेले. २०२५ मध्ये ९९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांना शंट बसविला होता. पण निम्म्यांची झडप जवळजवळ बंद ठेवली होती आणि कोणाची ते रुग्णालाही ठाऊक नव्हते. तीन महिन्यांनी खुल्या झडपेच्या रुग्णांची चाल स्पष्टपणे वेगवान झाली होती. मात्र कवटीखालील रक्तस्रावही त्यांच्यातच अधिक आढळला. साठ वर्षांचा वाद चालीपुरता तरी मिटला.

बंधूंची शस्त्रक्रिया २०१७ मध्ये झाली. महिन्याभरात ते काठीशिवाय रेल्वे गेटापर्यंत जाऊ लागले. लघवीचा त्रास निम्म्याने उणावला. स्मरणशक्ती मात्र फारशी परतली नाही. उशीर झाला की बुद्धीपेक्षा चालच अधिक सावरते, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या उशिराचा दोष मी अन्य कोणावर टाकीत नाही.

मित्रहो, म्हणी या पिढ्यांच्या अनुभवाचे सार असतात, असे मी वर्गात शिकविले. ते खोटे नाही. पण काही म्हणी चौकशी थांबवितात, हे शिकवावयाचे राहून गेले. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची चाल बदललेली दिसली, तर ती म्हण ओठांवर येण्यापूर्वी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. प्रत्येकास हाच विकार असेल असे नाही. बहुधा दुसरेच काही असेल. पण पाहिल्यावाचून ते कळणार नाही. गुरुजी प्रयोग केल्याशिवाय उत्तर लिहू देत नसत, याची आठवण ठेवून मी आपली रजा घेतो.