‘पोहोचलं’ म्हणजे काय? गावापर्यंतच्या तारेची गोष्ट

मागे आवाज येतोय ना? ठीक आहे.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा हा म्हातारा ऑप्टिकल फायबरवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. तांत्रिक बाजू मी वाचून समजून घेतली आहे, तेवढीच मला येते. मला अडवलं ते एका शब्दाने. तळकोकणात माझ्या आतेबहिणीकडे गेलो होतो, तिथे ग्रामपंचायतीत सहज विचारलं, ‘इथे इंटरनेट आलं का?’ उत्तर मिळालं, ‘कधीच आलं.’ कपाट उघडून दाखवलं. आत पेटी होती, पण तिचा दिवा लागत नव्हता. रस्ता रुंद करताना केबल तुटली होती, ती कोणी जोडायची यावर पत्रव्यवहार चालला होता. कागदोपत्री मात्र गाव जोडलेलं! तेव्हापासून मी या ‘जोडलेलं’ शब्दाच्या मागे लागलो आहे.

सुरुवात १९८४ पासून करू. त्या वर्षी सी-डॉट ही संस्था निघाली. सॅम पित्रोदांचं नाव तुम्हाला माहीत आहे. या संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ लाइनींचं एक छोटं एक्स्चेंज बनवलं. त्याचं वैशिष्ट्य काय, तर त्याला एसी लागत नव्हता. परदेशी यंत्रं वातानुकूलित खोलीत ठेवावी लागत. आपल्या तालुक्याच्या गावी एसी सोडा, दिवसभर वीज असेल याची खात्री नव्हती. म्हणजे नियोजन करणाऱ्याने आधी ते गाव डोळ्यासमोर आणलं आणि मग यंत्र आखलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे बऱ्याचदा उलटं झालं.

१९९४ च्या दूरसंचार धोरणाने सांगितलं, १९९७ पर्यंत सगळ्या गावांत फोन. ते जमलं नाही. १९९९ च्या धोरणाने मुदत २००२ केली. आता ‘गावात फोन’ म्हणजे काय? गावात एक सार्वजनिक फोन. तो कोणाच्या तरी ओटीवर असायचा, आणि घर बंद असलं की फोनही बंद. त्यातले पुष्कळ फोन एका रेडिओ यंत्रणेवर चालत. तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘मार’ असा शब्द होतो, आणि गावकऱ्यांना तो योग्यच वाटला असणार. ती यंत्रणा इतकी बिघडायची की ते फोन बदलायला नंतर सार्वत्रिक सेवा निधीतून वेगळे पैसे द्यावे लागले. हा निधी २००२ पासूनचा. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला ठरावीक हिस्सा त्यात जमा होतो.

याच काळात आपल्याकडे एक वेगळा प्रयोग झाला. १९९८ साली वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतालची, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं संगणकाने जोडायचं ठरलं. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था एकत्र आल्या. कल्पना मोठी होती: शेतकरी केंद्रावर जाईल, बाजारभाव बघेल, पिकाचा सल्ला घेईल. पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिलं. शेतकरी केंद्रावर येत होता, पण मुख्यतः त्याला आपल्या उसाचं वजन किती भरलं आणि खताचा हिशेब काय, एवढंच हवं होतं. मग त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवून पाहिला. काम झालं, खर्चही कमी झाला.

काही जण याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. काट्यावर आपला ऊस किती भरला हे घरापाशी कळणं ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. गैरसमज होता तो नियोजन करणाऱ्यांचा. माणसाला काय जाणून घ्यायचं आहे, हे त्यांनी त्याच्या वतीने आधीच ठरवून टाकलं होतं.

आता ब्रॉडबँड. २००४ च्या धोरणाने व्याख्या केली: २५६ केबीपीएस. आज हसू येतं. पण व्याख्येची ताकद बघा. ती खाली ठेवली की एका रात्रीत हजारो जोडण्या ‘ब्रॉडबँड’ होतात. २०१० पर्यंत २ कोटी ग्राहकांचं लक्ष्य होतं, ही व्याख्या असूनही साधारण निम्मंच गाठता आलं. २०१३ मध्ये ती ५१२ झाली, २०२३ मध्ये २ एमबीपीएस.

मग ऑक्टोबर २०११. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं. खर्चाचा अंदाज सुमारे २० हजार कोटी, मुदत दोन वर्षं. जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत बीएसएनएलचं फायबर होतंच, तेव्हा फक्त तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतचा तुकडा टाकायचा. कागदावर हे अतिशय शहाणपणाचं आहे. प्रत्यक्षात जुनं फायबर ठिकठिकाणी खराब निघालं. शिवाय नवं फायबर सरळ रेषेत टाकलेलं, म्हणजे मध्ये कुठे जेसीबी लागला की पलीकडची सगळी गावं अंधारात. पुढे योजनेचं नाव भारतनेट झालं आणि पहिल्या टप्प्यातल्या १ लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या टप्प्यात राज्यांना स्वतः काम करायची मुभा मिळाली, त्यातूनच आपल्याकडचं महानेट आलं.

या अहवालांत एक शब्दप्रयोग वारंवार येतो: ‘सेवेसाठी सज्ज’. म्हणजे तार आली, पेटी बसली. सेवा चालू आहे असं नव्हे. आमच्या नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितलेत. वस्तू अजून उत्पन्नच झाली नाही, तो प्रागभाव. होती आणि नष्ट झाली, तो प्रध्वंसाभाव. ज्या गावात केबल पोहोचलीच नाही आणि ज्या गावात येऊन तुटली, त्या दोघांचा इंटरनेट सारखाच बंद असतो, पण उपाय निराळे. पहिल्याला खोदणारा हवा, दुसऱ्याला जोडणारा. आपल्या योजनांनी खोदणाऱ्याचे पैसे ठरवले, जोडणाऱ्याचा विचार फार उशिरा केला. आतेबहिणीच्या गावचा पत्रव्यवहार त्यातूनच जन्मला.

आणि कोकणातली आणखी एक अडचण. योजनेचं एकक ग्रामपंचायत. पण तिथे गाव म्हणजे डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या दहा-बारा वाड्या. ग्रामपंचायतीत तार आली तरी वरच्या वाडीतल्या मुलीला त्याचं काय? २०२० च्या टाळेबंदीत मुलं रेंजसाठी डोंगर चढून तास ऐकत होती, हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत पाहिलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट मंजूर केलं, सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचं. २०११ चा अंदाज आठवा. यात सरळ रेषेऐवजी कडं आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट राहते. ग्रामपंचायतीपलीकडच्या गावांनी मागणी केली तर तिथेही जोडणी द्यायची आहे. आणि ज्याने बांधलं त्यानेच दहा वर्षं सांभाळायचं. हे शेवटचं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, तारेच्या लांबीपेक्षाही. ते नीट पाळलं गेलं तर तुटलेली केबल कोणी जोडायची याला उत्तर असेल.

बहिणीला परवा फोन केला होता. मोबाइलला रेंज नव्हती, दुसऱ्या दिवशी तिनेच केला. पेटीचा दिवा लागला का, विचारलं. म्हणाली, ‘कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो मुंबईला गेलाय, आल्यावर बघून सांगते.’

चला, आता प्रश्न घेऊ.